पान नऊ, ओळ बारा

९ एप्रिल

प्रिय ताई,

नऊ वर्षं पत्र लिहिलं नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. कारणं द्यायला बसले होते, पण लिहून वाचून पाहिली तर एकेक कारण जेमतेम चार-सहा महिने पुरेल असं निघालं. नऊ वर्षं पुरेल असं एकही नाही. तेव्हा नुसतीच माफी.

आज सहज लिहितेय. काही हवंय म्हणून नाही.

आम्ही तिघं अजून त्याच घरात, तिसऱ्या मजल्यावर. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि दिवसभर गावाच्या लिफ्टा दुरुस्त करणारा तुझा मेहुणा संध्याकाळी तीन जिने चढून घरी येतो, यावरचे शेजाऱ्यांचे विनोद अजून संपलेले नाहीत. मी त्याच छापखान्यात प्रुफं वाचते. मशीन नवीन आलं, मालकांचे केस गेले, माझी खुर्ची तीच आहे. चष्म्याचा नंबर वाढला. डायरी अजून रोज लिहिते.

मुख्य बातमी भिंगरीची. तू तिला शेवटची पाहिलीस तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि तिला पुढचे दोन दात नव्हते. आता सतरा वर्षांची आहे, दात सगळे आले आहेत आणि ती ते माझ्यावर वापरते. तिला नकाशांचं वेड आहे. आपल्या बाबांच्या मांडीवर बसून त्यांच्या शाळेचा अ‍ॅटलास फाडायची, तेव्हाच आपण ओळखायला हवं होतं. गेल्या वर्षी तिने आमच्या भागातल्या कुत्र्यांच्या हद्दींचा नकाशा केला. कोणती गल्ली कोणाची, कुठे ये-जा चालते, कुठे भांडण होतं, सगळं रंगांत. बेकरीच्या मागची पंधरा पावलांची पट्टी तिने करड्या रंगात दाखवली आहे आणि खाली लिहिलंय, ‘वादग्रस्त’. चार महिने ती वही घेऊन फिरत होती. लोकांना वाटलं, नगरपालिकेने नेमलंय.

त्या नकाशावर तिला प्रवेश मिळाला. नकाशे आणि भूमापन शिकवणारं कॉलेज, तीन वर्षांचा अभ्यासक्रम. दहावीपासून तिच्या पलंगामागच्या भिंतीवर त्या कॉलेजच्या इमारतीचा फोटो चिकटवलेला आहे. कॉलेज परराज्यात आहे आणि परराज्यातल्या मुलांना फी कितीतरी जास्त, म्हणून आम्ही भीत भीतच फीचं पत्र उघडलं. पण आकडा आमच्या अंदाजाच्या निम्म्याहूनही कमी! भिंगरीच्या बाबाने जिन्यातच तिला उचललं आणि दुसऱ्या मजल्यावर पाठीत उसण भरून घेतली. “लिफ्ट असती तर हे झालं नसतं,” असं तो स्वतःच म्हणाला, कारण शेजाऱ्यांच्या आधी म्हणणं बरं.

तिला सोडायला तोच जाईल. मला छापखान्यातून सुट्टी मिळणं कठीण.

फीचं पत्र तेव्हापासून मी तीनदा वाचलंय. सवय.

उत्तराची घाई नाही.

तुझी
टिंगू

२१ एप्रिल

प्रिय ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं, फक्त टपालाची पेटी दिवसातून दोनदा उघडत होते.

मागच्या पत्रात काही चुका राहिल्या आहेत, त्या दुरुस्त केल्याशिवाय मला बरं वाटणार नाही. पहिली, ‘सहज’ हा शब्द. मी सहज लिहिलं नव्हतं. कॉलेज परराज्यात आहे एवढंच मी लिहिलं आणि गाव कोणतं ते गाळलं. ते तुझं गाव आहे. भिंगरीने नकाशावर मोजलंय, तुझ्या दारापासून कॉलेजच्या फाटकापर्यंत चालत अठरा मिनिटं, मधे एक चढ. हे मला नऊ तारखेला पत्र लिहिताना माहीत होतं. मी म्हटलं, आधी खुशाली जाऊ दे, गाव मागाहून पाठवू. म्हणजे तू खुशालीला उत्तर दिलंस की मग हळूच. हा हिशेब मी केला होता. तो लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

दुसरी चूक माझी नाही, पण मी ती शोधून काढली, त्यामुळे घरात सगळे ती माझीच समजतात.

फीचं पत्र चौथ्यांदा वाचताना उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत दिसलं: ‘प्रवर्ग – राज्यातील रहिवासी’. आम्ही तर नाही. मी भिंगरीला विचारलं, अर्जात काय भरलंस? अर्जात ‘स्थानिक संपर्क’ असा एक रकाना होता. त्यात तिने तुझं नाव आणि पत्ता लिहिला होता. ऑफिसातल्या कोणीतरी तोच घरचा पत्ता धरला.

“मावशीला विचारलं होतंस?”

“कसं विचारणार? तुम्ही बोलत नाही ना तिच्याशी. लिहायला काय, बोलावं लागत नाही.”

मग दोन दिवस घरात खलबतं. भिंगरीचा बाबा म्हणाला, “चूक त्यांची, सही त्यांची, शिक्का त्यांचा. आपण मधे कोण?”

“मी प्रूफरीडर आहे.”

“त्यांच्या कॉलेजची नाहीस.”

खरं सांगायचं तर हे आपल्याला पटावं, असं मलाही वाटत होतं. ते दोन दिवस मी कॉलेजला काही कळवलं नाही. डायरीतसुद्धा काही लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दुधाचं भांडं विसळताना लक्षात आलं, की मी भांडं विसळत नाहीये, मनातल्या मनात कॉलेजला लिहायच्या पत्राचा मायना ठरवतेय. कामावर जाताना लिहिलं आणि टाकलं. चूक दिसली की माझं बोट शिवशिवतं. तो प्रामाणिकपणा की नुसती खाज, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

कॉलेजच्या कारकुनाचा फोन आला. फार चांगला माणूस. म्हणाला, “मॅडम, असं पत्र आमच्याकडे पहिलंच. मी सगळ्यांना वाचून दाखवलं.” मग नवीन फी सांगितली. पहिल्या आकड्याच्या अडीचपट.

भिंगरी माझ्यावर ओरडली नाही. फक्त म्हणाली, “आई, तू माझ्या सुखाचं प्रूफ तपासलंस.” हे वाक्य चांगलं आहे, हे मला त्याही क्षणी जाणवलं, यावरून मी कशी आहे ते बघ.

आता फी, वसतिगृह, जेवण आणि प्रवास मिळून आमचे दोघांचे चौदा महिन्यांचे पगार एका वर्षाला लागतात. वर्षाला बाराच महिने असतात, ही गोष्ट मला पहिल्यांदाच इतकी खटकली. साठवलेल्यात जेमतेम एक वर्ष निघेल. जेवणाच्या टेबलावर मी वाया गेलेल्या प्रुफांच्या पाठीवर खर्चाचे रकाने आखले आहेत. भिंगरीच्या बाबाने त्यात ‘मुलगी नसल्यामुळे होणारी बचत’ असा रकाना जोडला आणि खाली लिहिलं: शाम्पू, गरम पाणी, टोमणे. ती म्हणाली, “टोमणे मी फोनवरून देईन.” त्याने टोमणे खोडून फोनचं बिल लिहिलं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. कॉलेजला मी तुझ्या पत्त्याचा खुलासा केला होता. त्यातलं वाक्य जसंच्या तसं देते: ‘सदर पत्त्यावरील व्यक्ती विद्यार्थिनीची मावशी असली, तरी तिच्याशी आमचे संबंध नाहीत.’ मी ते दोनदा वाचलं. चूक सापडली नाही. पेटीत टाकलं आणि मग छापखान्याच्या पायरीवर इतका वेळ बसले, की मालकांनी आतून विचारलं, “बाई, आज बाहेरूनच वाचणार का?”

ते वाक्य तुझ्याबद्दल आहे, तेव्हा तुला माहीत असायला हवं.

मी तुझ्याकडे तिच्यासाठी खोली मागत नाहीये. हे वाक्य मी तीनदा लिहून तीनदा खोडलं, कारण मागत नसते तर ते लिहायची गरजच नव्हती. चौथ्यांदा तसंच ठेवलंय.

तुझी
टिंगू

५ मे

प्रिय ताई,

तुझं कार्ड मिळालं. एका ओळीचं का होईना, आलं. ‘दोन्ही पत्रं मिळाली. पान ९, ओळ १२ बद्दल त्यांत काही आढळलं नाही.’ तू पाणीपुरवठा खात्यात अभियंता, तेव्हा मोडकी पाइपलाइन पाहून दिलेला शेराच वाटतो. भिंगरीने ते कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “पान नऊवर काय आहे?”

मग मी कपाटातून बाबांवरचं ते पुस्तक काढलं. तिला सगळं सांगितलं. तुलाही सांगते, कारण पुस्तकाच्या प्रकाशनाला तू व्यासपीठावर होतीस आणि मी तिसऱ्या रांगेत होते. तिथून कसं दिसलं ते तुला कोणी सांगितलेलं नाही.

बाबा गेल्यावर त्यांच्या विद्यार्थ्यांनी ते छोटं पुस्तक काढायचं ठरवलं. पहिला लेख तुझा. छपाई आमच्याकडे, प्रुफं माझ्याकडे. पान नऊ, ओळ बारा: ‘बाबांनी पोटाला चिमटा काढून मला परराज्यात शिकायला पाठवलं.’ तिथे माझी पेन्सिल थांबली. लेखकाच्या मजकुराला प्रूफरीडरने हात लावायचा नसतो, म्हणून मी लावला नाही. एवढा नियम पाळला. आणि मग, सगळी पानं छापून झाल्यावर, बोटभर चिठ्ठी वेगळी छापली, तीनशे प्रती, आणि तीनशे पुस्तकांत माझ्या हाताने घातली.

शुद्धिपत्र. पान ९, ओळ १२: ‘पोटाला चिमटा काढून’ याऐवजी ‘धाकट्या मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या पैशांतून’ असे वाचावे.

मला वाटलं होतं, लोक घरी जाऊन वाचतील. तू वाचायला पुस्तक उघडलंस आणि चिठ्ठी तुझ्या मांडीवर पडली. तुला ती आयोजकांची सूचना वाटली. तू ती माईकवर वाचलीस, स्वच्छ, खणखणीत, बाबांनी शिकवलं तसं विरामचिन्हांवर थांबत. ‘असे वाचावे’पर्यंत वाचलीस. मग थांबलीस. माईक चालू होता, त्यामुळे तुझं थांबणंही सगळ्यांना ऐकू आलं.

भिंगरी आधी हसली. मग म्हणाली, “आई, तू हे खरंच छापलंस?”

“हो.”

“मावशीवर? पुस्तकात घालून?”

“मालकांनी कागदाचे पैसेही घेतले नाहीत.”

“मग तिने तुला काय केलं?”

तू काहीच केलं नाहीस. पुस्तक मिटलंस, उरलेलं पाठ म्हणून दाखवलंस आणि त्याच संध्याकाळच्या गाडीने गेलीस. मी डायरीत लिहिलं, ‘कार्यक्रम व्यवस्थित पार पडला.’

आता पान नऊबद्दल. माझी रीत चुकली, हे मी कबूल करते, आणि नऊ वर्षं उशिरा करते. शंका असेल तर समासात प्रश्नचिन्ह काढून लेखकाकडे पाठवायचं, ही आमच्या कामाची साधी पद्धत. नवख्या लेखकासाठीसुद्धा मी ती पाळते. तुझ्यासाठी पाळली नाही, कारण प्रश्नचिन्ह काढलं असतं तर तू उत्तर दिलं असतंस, आणि मला उत्तर नको होतं. मला ते लोकांसमोर हवं होतं. हे फार वाईट होतं.

पण मजकूर चुकीचा होता असं मात्र मला म्हणता येत नाही. मी अंदाजाने छापलं नव्हतं. माझी सतराव्या वर्षीची डायरी काढून ताडून पाहिलं होतं. नोंद अशी आहे: ‘बाबांशी बोलणं झालं. माझ्यासाठी ठेवलेले पैसे ताईच्या शेवटच्या वर्षाला गेले. मला जाता येणार नाही.’ तेव्हा रीतीबद्दल माफी, मजकुराबद्दल नाही. मी खोटी माफी मागितली तर ती तुला लगेच ओळखू येईल.

फी भरायची शेवटची तारीख पंधरा जून. अजून काही ठरलेलं नाही.

टिंगू

१९ मे

प्रिय ताई,

मागचं पत्र पाठवायला नको होतं. म्हणजे पूर्वार्ध ठीक होता. उत्तरार्ध परत घ्यायला हे लिहितेय.

परवा भिंगरीने ताटं पुसता पुसता जाहीर केलं, “मी इथल्याच कॉलेजात जाते. भूगोल घेते. नाहीतरी मला एवढं लांब जायचंच नव्हतं.” आवाज अगदी हलका, ताट चकचकीत. तिचा बाबा पंखा उघडून बसला होता. त्याने हातातला स्क्रू तोंडात धरला, म्हणजे बोलावं लागू नये. मी तिच्या खोलीत गेले. पलंगामागचा इमारतीचा फोटो निघाला होता, भिंतीवर चार चिकटपट्ट्यांचे चौकोन तेवढे राहिले होते. कुत्र्यांचा नकाशा गुंडाळी करून कपाटावर टाकला होता.

मला तो हलका आवाज ओळखीचा वाटला. कुठे ऐकला, ते आठवायला फार वेळ लागला नाही.

ताई, त्या दिवशी बाबांशी बोलणं झालं, हे खरं आहे. तुझ्या शेवटच्या वर्षाला पैसे गेले, हेही खरं. पण बोलणं तिथे संपलं नव्हतं. बाबांनी अ‍ॅटलास उघडला होता. मला भाषांच्या कॉलेजात जागा मिळाली होती, तुझ्या कॉलेजपेक्षाही लांब, दोन राज्यं ओलांडून. त्यांनी बोटाने गाडीचा रस्ता दाखवला आणि म्हणाले, “पहिल्या वर्षाचं मी जमवतो. सुट्टीत शिकवण्या घेईन. पुढचं तुझी ताई नोकरीला लागली की बघू, तिने तसं आपणहून कळवलंय. जातेस?”

मला त्या नकाशावर त्यांचं बोट दिसत होतं आणि बोटाच्या टोकाला एक खोली, जिथे मला कोणी ओळखत नव्हतं. माझे तळहात ओले झाले. मी म्हटलं, “नको बाबा, कशाला तुमची ओढाताण.” हलक्या आवाजात. त्यांनी पुन्हा विचारलं, “नक्की?” मी म्हटलं, “नक्की.” त्यांनी अ‍ॅटलास मिटला.

मी घाबरले होते. एवढंच कारण. पैसे कमी होते, पण मी पैशांमुळे राहिले नाही. आणि वर जाऊन डायरीत ती तीन वाक्यांची नोंद लिहिली. माझ्याशिवाय कोणी वाचणार नव्हतं, तिथेही खरं लिहिलं नाही. मग वर्षानुवर्षं ते माझ्याच अक्षरात, शाईत, तारखेसकट समोर असल्यामुळे मला खरं वाटायला लागलं. पान नऊ आलं तेव्हा मी पुरावा म्हणून तीच डायरी काढली. ओळीला ओळ ताडून पाहिली. सगळं जुळलं. मूळ प्रतच चुकीची असेल, ही शंका पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या प्रूफरीडरला आली नाही.

हे सगळं मी भिंगरीला सांगितलं. ताटं तशीच राहिली. ती ऐकत होती, मग म्हणाली, “म्हणजे घाबरलीस तू?”

“हो.”

“आणि बिल मावशीच्या नावावर फाडलंस?”

“हो.”

“वा!”

तिच्या बाबाने तोंडातला स्क्रू काढला. “मला तर लग्नाआधी सांगितलं होतं, घरच्यांसाठी त्याग केला म्हणून. मी त्यावर भाळलो होतो.”

“आता काय करणार?” भिंगरीने विचारलं.

“आता काय, गॅरंटी संपली.”

मग मी तिला म्हटलं, तुला भीती वाटत असेल तर नको जाऊस, मी अजिबात काही बोलणार नाही. ती चिडली. खरंच चिडली, महिन्याभरात पहिल्यांदा. “मला कसली भीती? मला तिथे इतकं जायचंय की माझं पोट दुखतं. तुम्ही दोघं ते रकाने मांडून बसता ना, तू चष्मा वर करून बेरीज करतेस, पुन्हा करतेस, तेव्हा मला बघवत नाही. म्हणून म्हटलं.”

“मग तसं म्हण.”

“म्हटलं ना आत्ता!”

त्यानंतर ती रडली, मीही रडले, आणि तिचा बाबा पंख्याचं एक पातं हातात घेऊन आम्हा दोघींना वारा घालत बसला. नकाशा खाली आला. फोटो परत लागला, थोडा तिरका.

तेव्हा आता मागते, सरळ. ताई, तुझ्याकडे एक खोली आहे का? वसतिगृह आणि जेवण वगळलं तर चौदा महिन्यांचे साडेनऊ होतात. तिच्या जेवणाचे पैसे आम्ही तुला वेगळे पाठवू. नाही म्हणालीस तरी पान नऊबद्दलची माफी तशीच राहील. ती खोलीच्या बदल्यात नाही. दोन्ही एकाच पत्रात आल्यामुळे तसं दिसतंय, हे मला कळतंय. वेगवेगळी पाकिटं करावीत असंही मनात आलं. पण पंधरा तारीख जवळ आहे.

आणखी एक. पहिल्या पत्रात मी लिहिलं की छापखान्यातून सुट्टी मिळणं कठीण. मी सुट्टी मागितलीच नव्हती. आज मागून पाहिली, नुसतं काय म्हणतात ते बघायला. मालक म्हणाले, “बाई, तुमची दोनशे अकरा दिवसांची रजा शिल्लक आहे. तुम्ही ती एकदम घ्याल या भीतीने माझी झोप उडालीय.” मी त्रेचाळीस वर्षांची आहे आणि हे राज्य सोडून अजून कुठेही गेलेली नाही. हे तुला माहीत असेलच. तू मला ओळखतेस.

तुझी
टिंगू

७ जून

प्रिय ताई,

पाकीट काल आलं. जाड नव्हतं, म्हणून मी ते जिन्यात उघडलं नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंत नेलं, पाणी प्यायले, चष्मा पुसला. भिंगरी म्हणाली, “आई, बॉम्ब नाहीये.” उघडलं तर आतून बोटभर चिठ्ठी माझ्या मांडीवर पडली.

तू ती मोजून कापली आहेस, हो ना? मी आमच्या चिठ्ठीशेजारी ठेवून पाहिली. तंतोतंत तेवढीच. म्हणजे तूही ती नऊ वर्षं जपून ठेवली आहेस.

मी मोठ्याने वाचली. तुझ्यासारखीच, विरामचिन्हांवर थांबत. ‘शुद्धिपत्र. कॉलेजला पाठवलेले पत्र: “तिच्याशी आमचे संबंध नाहीत” याऐवजी “तिच्याकडे वरची खोली रिकामी आहे, खिडकी अडकते” असे वाचावे.’

‘असे वाचावे’पर्यंत वाचलं आणि मीही थांबले. माईक नव्हता, तरी दोघांना ऐकू आलं.

मग भिंगरीने चिठ्ठी उलटली. तुझं मागचं अक्षर इतकं बारीक, की माझं भिंग आणावं लागलं. ‘बाबांनी पोटाला चिमटा काढला, हेही खरं नव्हतं. त्या वर्षी त्यांचं वजन वाढलं होतं. मीच जरा सजवून लिहिलं.’ ताई, आम्ही तिघं इतके हसलो, की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. मला बाबांचा तो तपकिरी शर्ट आठवला, पोटावरचं बटण तुटलेला. त्या वाक्यातली खरी चूक ती होती आणि ती माझ्या नजरेतून सुटली!

सोबतच्या पत्रातल्या तुझ्या सगळ्या अटी मान्य. कुत्र्यांचा नकाशा खरा आहे, बनवलेला नाही. तुमच्या गल्लीत सात कुत्री आहेत हे वाचून ती बूट शोधायला लागली. भाडं घेणार नाहीस हे मी वाद न घालता मान्य करते, याची नोंद घे. भाड्याऐवजी तुमच्या वसाहतीतल्या जमिनीखालच्या जुन्या नळांचा नकाशा हवा, हे वाचल्यावर तर तिला आम्ही दोघं दिसेनासे झालो. “खात्याकडे नकाशाच नाही? मग नळ फुटला की कुठे खणतात?” तिच्या बाबाने सांगितलं, “जिथे मावशी बोट दाखवेल तिथे.” खिडकीचं त्याने मनावर घेतलंय. ती लाकडी की लोखंडी, बाहेर उघडते की आत, हे कळव. हत्यारांची पेटी भरून ठेवली आहे. लिफ्ट नसलेल्या घरातली खिडकी, म्हणजे त्याला सुट्टीच.

खर्चाचं खरं तेच सांगते, कारण तू विचारलं आहेस. दोन वर्षांचं जमतंय. साठवलेले आहेत, त्याला रविवारची दोन इमारतींची कामं मिळाली आहेत, मी शाळांच्या पुस्तकांची प्रुफं घरी आणणार आहे. तिसऱ्या वर्षाचा रकाना कोरा आहे. मी त्यात तीनदा काहीबाही लिहिलं आणि खोडलं. काल भिंगरीचा बाबा म्हणाला, “कोरा असू दे. सगळं छापून हातात आलं, तर तू काय वाचशील?” मी रात्रभर याच्यावर विचार करीन असं वाटलं होतं, पण झोप लागली. पंधरा तारखेची वाट न बघता आज दुपारी पहिल्या वर्षाची फी पाठवली आणि कॉलेजला फोन करून कळवलं. कारकुनाने माझा आवाज ओळखला. “मॅडम, आणखी काही चूक?” मी म्हटलं, “एक आहे. माझ्या पत्रातलं मावशीबद्दलचं वाक्य फाइलमधून काढता येईल का?” तो म्हणाला, काढता येत नाही, पण शेजारी नवीन कागद लावता येतो. तुझ्या चिठ्ठीची नक्कल पाठवतेय.

राहिली तुझी शेवटची ओळ. ‘पान नऊवर काय वाचावं ते समोरासमोर ठरवू. पुस्तक घेऊन ये. मेहुण्यांच्या हाती पाठवू नकोस.’

ती ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही. सुटण्यासारखी एकही फट ठेवली नाहीस. तळहात ओले झाले, अजून आहेत, वरच्या ओळीतली शाई पसरलीय ती त्यामुळे. मी भिंगरीला विचारलं, गाडीत अठरा तास काय करतात? ती म्हणाली, “बसतात, आई. आणि तू तर डब्यातल्या सगळ्या सूचना वाचशील, चुकांसकट. वेळ पुरणार नाही तुला.”

पुस्तक पिशवीत घातलंय. बरोबर एक पेन्सिल ठेवली आहे, टोक करून. या वेळी समासात प्रश्नचिन्ह काढीन आणि पुस्तक तुझ्यासमोर ठेवीन.

तुझी
टिंगू

उद्या: तिकिटं काढणे. दोन नाही, तीन.